एका चुकीचा वंशवृक्ष

नववी 'ब'च्या वर्गात चूक करून निसटणं आता पूर्वीसारखं सोपं राहिलं नव्हतं. पूर्वी कसं, उत्तर चुकलं की लाल फुली पडायची, पोरं वही मिटायची आणि विषय संपायचा. आता भिंतीवरच्या पडद्यात 'मागोवा' होता. तो फुली मारत नसे. तो चौकशी करत बसे.

"मधुरा, तुझं उत्तर अपुरं आहे," मागोवा म्हणाला, "पण तू कुठल्या नियमानं गेलीस ते मला सापडलंय. दाखवू का?"

"दाखव की," मधुरा पोवार म्हणाली. "नको म्हटलं तर गप्प बसणार आहेस होय?"

सगळा वर्ग हसला. चिंचणवाडीच्या हायस्कुलात सव्वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या उज्ज्वला नलवडेबाईसुद्धा हसल्या, पण पडद्यावर मधुराची वही उमटली आणि त्यांचं हसू तिथंच थांबलं.

उदाहरण साधं होतं. x² = ५x. मधुरानं दोन्ही बाजूंचा एक-एक x तिरक्या रेघेनं उडवला होता आणि x = ५ लिहून मोकळी झाली होती. उडवलेल्या x शेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'गेला फिरायला'.

"पाच बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण x च्या जागी शून्य ठेवून बघ. डावीकडं शून्य, उजवीकडं शून्य. म्हणजे शून्य पण उत्तर आहे. ते कुठं गेलं?"

"कुठं गेलं?" मधुरानं निरागसपणे विचारलं.

"तूच हाकललंस. x नं भागलंस ना? शून्यानं भागता येत नाही, म्हणून भागायच्या आधी x शून्य तर नाही ना, हे बघायचं. न बघता भागलं की ते उत्तर गुपचूप हरवतं. कोणी शिकवलं तुला हे फिरायला जाणं?"

"पप्पांनी."

"आणि त्यांना?"

"देसूरकर सरांनी. अख्ख्या गावाला त्यांनीच शिकवलंय की, मॅडम!"

दरवर्षी हेच व्हायचं. नववीत दहा-बारा पोरं घरूनच हा फिरायला गेलेला x घेऊन यायची आणि दरवर्षी बाई ती चूक गुपचूप दुरुस्त करायच्या, सरांचं नाव कुठंही न काढता. देसूरकर सर म्हणजे त्यांचे गुरू. सरांची एवढी एक चूक आपण पोटात घालतो, याचं त्यांना मनातून थोडं बरंही वाटायचं. माणूस आहे, वाटणारच.

आता हा मागोवा काय प्रकार होता, ते सांगायला हवं.

गणित सोडवून देणारी यंत्रं काय, जुनीच. समीकरण टाका, उत्तर घ्या. शाळांना त्यांचा उपयोग कमी आणि ताप जास्त. पण २०३०च्या सुमारास कुणाच्या तरी ध्यानात आलं की चुकीचं उत्तर सहसा असंच हवेतून येत नाही. ते कुठल्यातरी वेगळ्या नियमाचं बरोबर उत्तर असतं. मुलाच्या डोक्यात तो वाकडा नियम पक्का बसलेला असतो आणि बिचारं मूल तो इमानदारीनं पाळत असतं. मग यंत्राला उलटं काम दिलं गेलं. खरे नियम घ्यायचे, ते हजारो तऱ्हांनी वाकडे करायचे, आणि त्यातला कुठला वाकडेपणा या मुलाच्या वहीतल्या सगळ्या ओळी जशाच्या तशा काढून देतो ते शोधायचं. आठ-दहा उदाहरणं बघितली की यंत्र सांगायचं, बाई, हा मुलगा वजा-वजा आलं की बेरीजच करतो. गुणाकारातला 'वजा गुणिले वजा अधिक' हा नियम त्यानं इकडं लावलाय.

त्याच्या पुढची करामत दोन वर्षांनी आली. चुका एकाकडून दुसऱ्याकडं जातात आणि जाताना आपल्या खाणाखुणा बरोबर नेतात. कुणाची रेघ तिरकी, कुणाचा समासातला शेरा, कुणाची एखादी गाळलेली पायरी. जुन्या पोथ्यांच्या नकला करताना एकाची चूक पुढच्या सगळ्यांत उतरते आणि त्यावरून कुठली पोथी कुठल्या पोथीवरून लिहिली ते ओळखतात, तसंच हे. पुरेशा वह्या दिल्या की मागोवा त्यांचं झाड काढून द्यायचा. चांगल्या रीतींच्या फांद्या हिरव्या, वाकड्या रीतींच्या लाल.

हे झाड सरांना भेट द्यायचं, ही कल्पना उज्ज्वलाबाईंचीच. सर एक्याऐंशी वर्षांचे झाले होते आणि गावानं त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरवलं होतं. शाल सगळेच देतात. सरांनी शिकवलेलं गणित कुठून कुठं पोचलं, त्याचं झाड सहाशे माणसांसमोर मोठ्या पडद्यावर दाखवायचं आणि मग सरांनी स्वतःच्या हातानं आपला फळ्यावरचा लाकडी कंपास उज्ज्वलाबाईंना द्यायचा, असा कार्यक्रम होता. म्हणजे गादी कुणाकडं, हे जाहीर. बाईंनी त्यासाठी नवी साडीसुद्धा घेतली होती.

वह्या गोळा करायचं काम सुबराव पोवारनं अंगावर घेतलं. हा मधुराचा बाप. मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा करणारा, शाळेत बाईंच्या एक वर्ष मागं असलेला. कुणी माळ्यावरून, कुणी ट्रंकेतून वह्या काढून दिल्या आणि सुबराव टेम्पो भरून घेऊन आला.

"तीनशे चाळीस हायत, ताई," तो म्हणाला. "माझी पण हाय त्यात. अठ्ठ्याण्णव सालातली. बायको रद्दीत घालायला निघाली हुती, झटापट करून वाचवली."

"गणिताच्या वहीवर एवढं प्रेम?"

"प्रेम कसलं! पुरावा हाय तो." सुबराव हसला, पण पुरतं नाही. "दहावीला पाच x वर्ग बरोबर वीस x आलं हुतं. दोन मार्काला. मी लिवलं चार. शून्य राहिलं. एक मार्क गेला आणि पॉलिटेक्निक बरोबर एका मार्कानं हुकलं. सरांचा x फिरायला गेला आणि माझी जागा घिऊन गेला बगा! जाऊ दे. सर ते सर."

बाईंनी विषय बदलला.

तीन दिवस पोरांनी वह्या स्कॅन केल्या, चौथ्या दिवशी झाड उभं राहिलं. काय सुंदर झाड होतं! खोडापाशी देसूरकर सर, आणि तिथून हिरव्या फांद्या पार पुणे, हैदराबाद, मस्कतपर्यंत. आणि मधोमध एक जाडजूड लाल फांदी. तीनशे चाळीसपैकी दोनशे बारा वह्या त्या फांदीवर होत्या. तिच्या बुंध्याशी लिहिलं होतं, 'मूळ: देसूरकर सर, इयत्ता नववी, १९९८'.

"ही फांदी लपवता येईल?" बाईंनी विचारलं.

"येईल," मागोवा म्हणाला. "मग खाली 'हे झाड अपुरं आहे' असं मी लिहीन."

"आगाऊच आहेस."

"मूळ कोणाचं ते वह्यांबरोबर भरलेल्या नोंदणीच्या तक्त्यातून घेतलंय," त्यानं भर घातली. "मी स्वतः तपासलेलं नाही."

हे शेवटचं वाक्य बाईंनी नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या वेळी त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं. रविवारी सहाशे माणसांपुढं सरांची चूक दिसणार, आणि ती सरांना आधी सांगायची कुणी, तर आपणच.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्या सरांच्या घरी गेल्या. सर ओसरीवर काजूच्या बिया निवडत बसले होते.

"ये. हजार पौर्णिमांचा सोहळा ना? मी हिशेब केलाय. हजारावी पौर्णिमा ऐंशी वर्षं दहा महिन्यांना होते. तुम्ही दोन महिने उशीर केलात."

"सर, मंडप मिळायला नको का?" बाई हसल्या, आणि मग घोटभर पाणी पिऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं. किती जपून! चूक कशी कुणाचीही होते, त्या काळी साधनं कशी नव्हती, आम्हा सगळ्यांच्या मनात तुमचं स्थान कसं तेच आहे. मनातल्या मनात त्यांनी हे भाषण सहा वेळा म्हणून पाहिलं होतं.

सर शांतपणे ऐकत होते. भाषण संपलं तसे म्हणाले, "मी? शून्याला न विचारता भागलं? मी?"

ते उठले आणि आतून टाचणवह्यांचा गठ्ठा घेऊन आले. वर्गात काय शिकवायचं ते शिक्षक आधीच लिहून ठेवतात, तीच टाचणवही. १९९८ची वही वाळवी लागूनही शाबूत होती. सरांनी पान उघडलं. ठळक अक्षरात, खाली दोन रेघा मारून पहिलीच ओळ होती, 'आधी शून्याला विचारा.'

बाईंनी फोनवर मागोवा उघडून तो पानावर धरला. मागोवानं क्षणात निकाल दिला. "ही रीत बरोबर आहे. हिरवी."

"मग लाल कुठून आली?" सर म्हणाले. "सगळ्यात जुनी लाल वही कुणाची? दाखव."

फोनच्या पडद्यावर सुबरावची वही आली. तारीख सहा ऑगस्ट १९९८. तिरकी रेघ, 'गेला फिरायला', सगळं होतं. आणि पानाच्या डोक्यावर, जिथं पोरं विषय लिहितात तिथं, सुबरावच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, 'उज्ज्वलाताईचा तास'.

सरांच्या पत्नी चहा घेऊन आल्या, दोघांची तोंडं पाहून कप ठेवून आत गेल्या.

बाईंना तो महिना चांगला आठवत होता. दरवर्षी नव्या वर्गाला तो किस्सा त्या रंगवून सांगायच्या. सरांना कावीळ झाली, गणिताला दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा दहावीतल्या उज्ज्वलाच्या हातात हेडमास्तरांनी सरांची टाचणवही दिली आणि तिनं नववीला महिनाभर शिकवलं. हा किस्सा इथपर्यंतच होता. पुढचा भाग त्यांनी कुणाला कधी सांगितला नव्हता, आणि मग त्या स्वतःही तो विसरल्या होत्या. आता तो समोर येऊन उभा राहिला.

"मी ती ओळ फळ्यावर लिहिली होती, सर," त्या हळूच म्हणाल्या. "तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, शून्याला कशाला विचारायचं? मला येत नव्हतं. चाळीस पोरं बघत होती. मी ओळच पुसून टाकली आणि म्हटलं, काही विचारायचं नाही, दोन्हीकडचा x गेला फिरायला. सगळी पोरं हसली. इतकी हसली, सर, की मला वाटलं मला शिकवता येतं!"

बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सव्वीस वर्षं आपण सरांची चूक पोटात घालतोय म्हणून स्वतःचीच पाठ थोपटत होतो, याची त्यांना इतकी लाज वाटली की वर बघवेना.

सर मात्र हसायला लागले. काजूच्या बिया सुपातून सांडेपर्यंत हसले.

"अगं, मी परत आलो तेव्हा तो धडा झालाय म्हणून पुढचा घेतला. काय झालं, कसं झालं, विचारलं नाही. दहावीला त्या पोरांना दुसरे मास्तर होते. तेवढी माझीही चूक आहे." मग ते गंभीर झाले. "ऐक. झाडावर माझंच नाव राहू दे."

"सर!"

"माझं आता कोण काय करणार आहे? रविवारी हार घालतील, सोमवारी विसरतील. तुला अजून सात वर्षं त्या वर्गात उभं राहायचंय. सुबरावची पोर तुझ्यापुढं बसते ना? पोरं विश्वासावर शिकतात. तो गेला की फळ्यावर काही लिही, उपयोग नाही. हे आपल्या दोघांतच राहील."

खरं सांगायचं तर बाईंना ते पटलं. पटावंसं वाटलं, म्हणून लगेच पटलं. घरी जाताना त्यांचं पाऊल हलकं पडत होतं.

पण वाट शाळेच्या पटांगणावरून होती, आणि तिथं सुबराव शिडीवर चढून सरांच्या फोटोभोवती झेंडूची माळ लावत होता. चार गडी हाताखाली असताना.

"तुम्ही स्वतः?" बाईंनी विचारलं.

"सरांचा फोटो हाय, ताई. दुसऱ्याच्या हातची माळ तिरकी बसती." तो खाली उतरला, लांबून माळ न्याहाळू लागला. "मनात कुठंतरी ते मार्काचं टोचतं बरं का अजून. पाया पडतो तवा पण टोचतं. चौतीस वर्षं झाली. सरांच्या पाया पडताना असलं मनात येऊ ने, पण येतंय, काय करायचं?"

बाई 'हं' म्हणून पुढं गेल्या. त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी दहाला मंडप खच्चून भरला. सरांना ओवाळलं, शाली झाल्या, भाषणं झाली. मग पडद्यावर झाड उमललं आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जो तो आपलं नाव शोधू लागला. लाल फांदी दिसली तशी कुजबुज सुरू झाली. सर खुर्चीतून उठायच्या बेतात होते. ते आता माइक मागणार आणि चूक आपल्या नावावर घेणार, हे बाईंनी ओळखलं. त्यांनी झटकन माइक हातात घेतला.

"उज्ज्वला, खाली बस," सर म्हणाले. शाळेतला तोच आवाज.

"नाही बसणार, सर." आयुष्यात पहिल्यांदाच त्या सरांना नाही म्हणत होत्या. "मंडळी, ही लाल फांदी सरांची नाही. तिथं नाव चुकीचं पडलंय. ती माझी आहे."

आणि त्यांनी सांगितलं. कावीळ, टाचणवही, पुसलेली ओळ, ते हसू. 'मला येत नव्हतं' असं त्या म्हणाल्या, तेव्हा पुढच्या रांगेत बसलेल्या नववी 'ब'नं माना उंचावून बघितलं. "दोनशे बारा वह्या आहेत या फांदीवर. यात कुणाचा मार्क गेला असेल, कुणाचं त्याहून जास्त गेलं असेल. ते माझ्यामुळं गेलं. सरांनी बरोबरच शिकवलं होतं."

लाउडस्पीकर एकदा कर्कश ओरडला आणि बंद पडला. सुबराव मशिनीजवळून उठला होता. तो सरळ व्यासपीठावर चढला, बाईंकडं न बघता सरांपुढं गेला आणि त्यानं पायांवर डोकं ठेवलं.

"चौतीस वर्षं तुमाला मनातल्या मनात बोल लावला, सर. माफ करा."

मग तो बाईंकडं वळला. तोंड लालबुंद झालेलं.

"ताई, राग आलाय मला. खोटं कशाला बोलू? लई राग आलाय."

"यायलाच हवा," बाई म्हणाल्या.

"एक दिवस जरी आधी सांगितलं असतं तर..." तो थांबला. त्यानं समोर मंडपाकडं बघितलं, मधुराकडं बघितलं. "पर सांगितलं. न्हाई सांगितलं तरी कुणाला कळणार हुतं? आता असं करा. माझा मार्क द्या."

"काय?"

"मार्क द्या माझा! फळा हाय, खडू हाय, पेपर तपासायला तुमी हाय. पाच x वर्ग बरोबर वीस x. दोन मार्क. मी सोडवतो."

मंडपात कुणी हसायचं धाडस करेना. सुबरावनं खडू उचलला. त्यानं वर समीकरण लिहिलं. मग खाली लिहिलं, 'x = ० ठेवून: डावी बाजू ०, उजवी बाजू ०. म्हणून ० हे एक उत्तर.' मग 'x शून्य नसेल तर', आणि दोन्ही बाजूंना पाच x नं भागून x = ४. खडू ठेवला आणि शाळेतल्यासारखा हाताची घडी घालून उभा राहिला.

बाईंनी लाल पेन काढलं, भाषणाच्या कागदाची कोरी बाजू वर केली. दोन मार्क मांडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब. दीड."

सर काठी टेकत पुढं आले होते.

"आता काय चुकलं, सर?" सुबराव रडकुंडीला आला.

"पडताळा कुठाय? चार ठेवून बघितलंस?"

आता मात्र मंडप फुटला. सहाशे माणसं पोट धरून हसली. सुबरावही हसत हसत, बाहीनं डोळे पुसत फळ्याकडं वळला आणि लिहू लागला, पाच गुणिले सोळा बरोबर ऐंशी, वीस गुणिले चार बरोबर ऐंशी. बाईंनी कागदावर दोनपैकी दोन लिहिले, खाली सही केली. सरांनी चष्मा लावून सगळं पुन्हा एकदा तपासलं आणि आपलीही सही केली.

कंपास द्यायचं राहूनच गेलं होतं. बाईंनी टेबलावरचा तो उचलून सरांपुढं केला. "हा मी घेऊ नये असं वाटतं, सर."

"मला तर आत्ताच द्यावासा वाटतोय," सर म्हणाले आणि त्यांच्या हातात तो ठेवून वरून त्यांनी त्यांची मूठ बंद केली.

सुबरावनं मार्कांचा कागद चार घड्या घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. जाताना तो बाईंपाशी थांबला.

"राग जायला थोडे दिस लागतील, ताई," तो म्हणाला. "पर मधुरा उद्या तुमच्याच वर्गात बसंल."

आणि तो पंगतीचं बघायला गेला.